क्यूवरचा पोचा

लाकूड रेषेच्या दिशेनं घासायचं, आडवं घासलं की चरे पडतात, हे मला नवऱ्यानं ओरडून शिकवलं. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला, उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लॅस्टरमध्ये. आणि मी त्याच्यासमोर गच्चीवर पोतं अंथरून, मांडीवर त्याचा क्यू, टेबलावरचा पूल खेळायची लाकडी काठी, घेऊन. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची गच्ची मुळात लहान. त्यात सासूचं वाळवण, पाण्याची टाकी आणि केबलवाल्यानं लोंबत सोडलेल्या वायरी. उरलेल्या जागेत आम्ही भांडायचो.

"आडवं न्हाय गं! किती वेळा सांगू?"

"मग तूच घास की."

"हात असता तर तुझ्या पाया पडलो असतो व्हय?"

पाया तो पडलेला नव्हता. "तेवढा क्यू करून दे," एवढंच म्हणाला होता, तेही टीव्हीकडे बघत. प्लॅस्टर निघालं की त्याला इचलकरंजीतल्या एका स्पर्धेत उतरायचं होतं. सुताराकडे क्यू द्यायला तो तयार नव्हता. सुतार त्याला खाटेचा पाय समजून रंधा मारील, असं त्याचं म्हणणं. "तुझा हात हलका हाय. दिवसभर सुया टोचतीस न्हवं?"

मी सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स होते. सकाळची पाळी करून घरी यायचं, जेवायचं, आणि ऊन टाकीमागे सरकलं की क्यू घेऊन बसायचं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण त्याचा हात माझ्यामुळे मोडला असं घरात ठरलेलं होतं. ते कसं ठरलं, ते आधी सांगते.

माझं माहेर हातकणंगल्याचं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. नवरा मराठा. कॅसेटचं दुकान चालवायचा. मित्राचा पाय मोडला म्हणून रोज वॉर्डात यायचा आणि मित्र बरा होऊन घरी गेला तरी येत राहिला. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. त्याचे काका आले नाहीत, माझे मामा आले नाहीत. सासूनं मला घरात घेतलं, असं सगळी गल्ली म्हणायची. घेतलं. पावसाचे दोन थेंब पडले की अंगणातलं सरपण आत घेतात, तसं.

सासूला मी आत्ती म्हणायचे. आत्तीनं मला कधी देवघरात जाऊ नको म्हटलं नाही. ती फक्त माझ्या आधी उठायची आणि मी अंघोळ करून येईपर्यंत देवाचं सगळं उरकून दार लोटून घ्यायची. एवढी वर्षं त्या घरात काढली, पण एकदाही ती माझ्यापेक्षा उशिरा उठली नाही. तापातसुद्धा नाही. मी ते कुणाला सांगायला गेले असते तर लोक म्हणाले असते, म्हातारी कष्टाळू आहे.

नवऱ्याला मी आत्तीसमोर अहो म्हणायचे आणि गच्चीवर, खोलीत अरे-तुरे. तोही सुरुवातीला बरा होता. मग शाहूपुरीत एका इमारतीच्या तळघरात पूल पार्लर निघालं. दुपारी दुकानाचं शटर ओढून तो तिथं जायला लागला आणि दुपार हळूहळू लांबत गेली. पुण्याच्या कुणाकडून तरी त्यानं हा क्यू मिळवला होता. दोन तुकड्यांचा, मधे पितळी आट्यांनी जोडायचा. पुढचा भाग पांढरट, मुठीकडचा काळपट. पिशवीत घालून खांद्याला लावून निघाला की बासरीवाला दिसायचा. त्याला तसं म्हटलं की राग यायचा.

एकदा मला ताप आला. आत्ती तिच्या भावाकडे गेली होती, नवरा दुपारीच निघून गेला होता. माझा धाकटा भाऊ तेव्हा हातकणंगल्याहून रोज येऊन शिरोलीकडच्या एका गॅरेजात काम करायचा. आईनं दिलेला डबा घेऊन तो आला. कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "आक्का, भट्टी पेटलीय की. दाजी कुठं हायत?"

"असतील तिथंच."

"थांब, घेऊन येतो."

तो गेला आणि परत आला नाही. दिवेलागणीला नवरा आला तो मित्रांनी दोन्हीकडनं धरलेला, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. म्हणाला, "तुझ्या भावाचा निरोप मिळाला, म्हणून घाईनं निघालो. वळणावर गाडी घसरली." मी तापात होते. मला रडू आलं. मी त्याची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर भावाचा फोन आला. दाजींना निरोप दिला आणि गॅरेजात बोलावणं आलं म्हणून तसाच गेलो, असं म्हणाला. दाजी पडले हे त्याला आधीच ठाऊक होतं. कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर त्याचं आमच्याकडे येणं बंद झालं. डबा बंद झाला.

आत्ती परत आली. लेकाचा हात बघितला आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर तेच सांगायला लागली. "हिच्या तापापायी माझ्या लेकाचा हात गेला. साधा ताप हुता." मी चहा देत असायचे. पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि बशीत चहा ओतायचे.

म्हणून मी क्यू घासायला बसले.

काम सोपं नव्हतं. पुढच्या भागावर खडूची निळाई लाकडात मुरलेली. ती ओल्या फडक्यानं पुसायची, वाळू द्यायचं, मग अगदी बारीक पॉलिश पेपरनं लांबच्या लांब हात फिरवायचा. मुठीकडच्या भागावर जुनं वॉर्निश होतं, घामानं चिकट झालेलं. ते स्पिरिटच्या बोळ्यानं मऊ करून काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. कापूस आणि जाळीदार पट्टी कशी धरायची ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जखम पुसायला जेवढं बळ लागतं तेवढंच लागायचं. पण खुर्चीतून सारखं चालू असायचं.

"जास्त दाबू नको. बारीक झाला तर हातात बसायचा न्हाय."

"मग सोडू का?"

"सोड म्हटलं काय मी? घास. पण दाबू नको."

पेपरची बारीक धूळ उडायची. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आत्तीनं मिरच्या पसरल्या होत्या. ती जिन्यातून डोकं काढायची आणि ओरडायची, "लाकडाचा भुसा घालून चटणी करायची हाय व्हय यंदा?" मी म्हणायचे, "आत्ती, वारं तिकडचं न्हाय." ती म्हणायची, "वारं मला शिकीव." मग ती नवऱ्याकडे बघायची. मला ओरडायला त्याच्याकडे भरपूर आवाज होता, आईसमोर तो आकाशात घारी बघायचा.

क्यूला लहानसहान पोचे पडलेले होते. भांडं आपटलं की पडतो तसा पोचा लाकडालाही पडतो, हे मला तेव्हाच कळलं. तो काढायची युक्ती नवऱ्यानं सांगितली. पोच्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि गरम इस्त्रीचं टोक जरा टेकवायचं. वाफ आत शिरते, दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मला खोटं वाटलं. पण पहिला पोचा खरंच भरून आला. मी बोट फिरवून बघितलं, जागा सापडेना. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत त्या घरात मला कशानं बरं वाटलेलं नव्हतं, म्हणून ते आठवतं.

"हां, जमलं," नवरा म्हणाला. "आता तो मोठा काढ."

मोठा पोचा पुढच्या भागावर होता, जोडाच्या जरा वर. तो गोल नव्हता. चंद्रकोरीसारखा वाकडा आणि एका कडेला खोल, जणू लोखंडी कड्यावर काठी जोरानं आपटली असावी. लाकडाचे तंतू तुटले होते.

"हा कशानं पडला?"

"गाडीवरनं पडलो तवा."

"क्यू गाडीवर होता?"

"मग? पिशवीत हुता, खांद्याला."

पिशवी खाली खुंटीवर होती. मी ती क्यू काढताना नीट बघितली होती. तिला साधा ओरखडा नव्हता.

मी इस्त्रीची वायर काढली आणि म्हटलं, इस्त्री तापत नाहीय, उद्या बघू. खाली आले, कपाटाचा खण उघडला. नवरा उजव्या हातात स्टीलचं जाड कडं घालायचा. हात सुजला म्हणून दवाखान्यात ते कापून काढावं लागलं होतं आणि माझ्या मैत्रिणीनं, तीही तिथंच नर्स, ते पट्टीत गुंडाळून मला दिलं होतं. मी ते तसंच ठेवलं होतं. उघडून बघितलं तर एका बाजूला कडं चेपलेलं.

खरं सांगायचं तर मला हाताबद्दल पहिल्यापासून शंका होती. त्याचा एक्स-रे मी ताप उतरून कामावर गेल्यावर बघितला. गाडीवरून पडणारा माणूस जमिनीला हात टेकतो, त्याचं मनगट जातं, नाहीतर खांदा. याचं मनगट शाबूत होतं. कोपर आणि मनगट यांच्यामधल्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं तेवढं मधोमध मोडलं होतं, दुसऱ्याला काही नाही. असे हात आमच्या वॉर्डात यायचे ते गावाकडच्या भांडणातून. कुणी काठी उगारली की माणूस डोकं वाचवायला हात वर करतो आणि काठी त्या हाडावर बसते. हात वर केला की कडंही मनगटावरून खाली घसरतं.

मी एक्स-रे पाकिटात घातला होता आणि गप्प बसले होते. वाटलं, पार्लरमध्ये कुणाशी तरी मारामारी झाली असेल, लाजेनं सांगत नसेल, सांगेल कधीतरी. पण आता त्याच्याच क्यूवर त्याच्याच कड्याचा वळ होता. स्वतःचा क्यू माणूस दुसऱ्याच्या हातात सहज देत नाही. कुणीतरी तो हिसकावून घेतला होता. आणि त्या दिवशी त्याला शोधत कोण गेलं होतं, ते मला माहीत होतं.

सुट्टीच्या दिवशी मी हातकणंगल्याला गेले. आई दारात ज्वारी निवडत होती. भाऊ घरीच होता. मला बघून तो चपला घालायला लागला.

"कुठं चाललास?"

"जरा काम हाय."

"बस खाली."

"आक्का, खरंच काम हाय."

मी कडं काढून त्याच्यासमोर जमिनीवर टाकलं. त्याचे दोन तुकडे वाजले. त्यानं ते बघितलं आणि चपला काढल्या.

"दाजींनी सांगितलं?"

"न्हाय. तू सांग."

त्यानं चपला कडेला सारल्या. आई म्हणाली, "काय झालं ते तरी कळू दे." म्हणजे आईलाही माहीत नव्हतं. मग कड्याकडे बघत तो बोलायला लागला.

तो पार्लरमध्ये गेला तेव्हा खेळ रंगात आला होता. भावानं सांगितलं, आक्काला ताप आहे, चला. दाजी म्हणाले, गेम संपू दे. हा थांबला. गेम संपला, दुसरा लावला. हा परत म्हणाला. दाजी म्हणाले, ताप हाय, मरत न्हाय ती. मित्र हसले. मग यानं टेबलावरचा पांढरा बॉल, ज्याच्याशिवाय खेळता येत नाही तो, उचलला आणि खिशात घातला.

"मग?"

"मग ते बोलले."

"काय बोलले?"

भावानं आईकडे बघितलं. "'तुझ्या बहिणीला घरात घेतली, तेवढं बास झालं. आता तुम्ही आम्हाला शिकवणार का,' म्हणाले. आणि पुढं शब्द लावला."

"कुठला शब्द?"

"तो."

तो शब्द त्यानं उच्चारला नाही. आईनं विचारला नाही, मीही परत विचारला नाही. आमच्या घरात तो कुणाला विचारावा लागत नाही.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मग मी त्यांच्या हातातला क्यू ओढला आणि मारला. डोक्यावरच मारला हुता. त्यांनी हात वर केला म्हणून वाचले."

आईच्या सुपातली ज्वारी तशीच राहिली होती.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"दाजीच म्हणाले, आक्काला सांगू नको. मला पण बरोबर वाटलं. तुझं घर हाय ते. तुला कळलं असतं तर तू तिथं राहिली असतीस का?"

"आणि माझ्या तापामुळं हात मोडला, हे म्हातारी गल्लीभर सांगत हुती ते?"

"ते मला माहीत नव्हतं."

"माहीत करून घेतलं असतंस तर कळलं असतं."

मला त्या क्षणी नवऱ्याचा जेवढा राग आला, तेवढाच भावाचा आला. ज्याचा हात मोडला तो आणि ज्यानं मोडला तो, दोघांनी बसून माझ्याबद्दल काहीतरी ठरवलं होतं आणि मी घरी माफी मागत होते. मी भावाला म्हटलं, "तू चांगलं केलंस असं मी म्हणेन वाटलं का तुला?" तो म्हणाला, "न्हाय." आई म्हणाली, "जेवून जा." मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आले, जेवले आणि नेहमीसारखी गच्चीवर गेले. पॉलिशसाठी चपडीची लाख स्पिरिटमध्ये भिजत घातलेली होती, ती आता मधासारखी झाली होती. मऊ धोतराच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधला, त्यावर लाख घेतली आणि मुठीकडचा भाग पुसायला सुरुवात केली. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पेपर फिरवायचा, परत हात द्यायचा. नवरा खुर्चीत बसून बघत होता. त्या दिवशी त्याला ओरडायला जागा सापडत नव्हती. हात चांगला बसत होता. काळपट लाकडातून तपकिरी लाल रेषा वर यायला लागल्या. आत्ती मिरच्या खालीवर करत होती.

मी रोज तेवढंच करत गेले, मूठ झाली की पुढचा भागही. कुणाशी भांडले नाही. नवऱ्याला वाटलं, बाई वळणावर आली. शेवटचा हात वाळला, मेण लावून झालं, मग मी दोन्ही तुकडे जोडले आणि क्यू त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो डाव्या हातानं उचलला, एक डोळा मिटून काठीच्या टोकापर्यंत बघितलं. खरंच नवा दिसत होता. त्यानं बोट फिरवलं आणि ते पोच्यावर थांबलं.

"हा राहिला."

"राहू दे."

"आधी तो काढ म्हटलो हुतो न्हवं? सगळं पॉलिश झालं की वर!"

"पॉलिश मुद्दाम वरनं केलं. आता तो निघायचा न्हाय."

मी कड्याचा चेपलेला तुकडा त्या पोच्यावर टेकवला. बरोबर बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, जिन्याकडे बघितलं.

"त्यानं सांगितलं?"

"व्हय."

"हात त्यानं उचलला, ते सांगितलं का?"

"सांगितलं. तू काय बोललास ते पण सांगितलं."

आत्ती मिरच्या सोडून उठली. तिला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. लेकाचा हात कुणीतरी मोडला होता, आणि सुनेनं तिच्यासमोर लेकाला अरे-तुरे केलं होतं.

"कुणी मारलं?"

"माझ्या भावानं," मी म्हटलं. "का मारलं ते तुमच्या लेकाला विचारा."

"का रं? काय बोललास?"

त्यानं क्यू मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाला, "रागात माणूस काय पण बोलतो."

आत्तीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. तिलाही तो शब्द विचारावा लागला नाही. मला क्षणभर वाटलं, ही आता त्याला काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "मग त्यात हात मोडण्यासारखं काय हुतं? खोटं काय बोलला त्यो?"

मी बसल्या जागेचं पोतं उचललं आणि गच्चीवरच झटकलं. सगळा भुसा तिच्या मिरच्यांवर जाऊन बसला. त्या दिवशी वारं तिकडचंच होतं.

मग व्हायचं ते झालं. आत्ती ओरडली, नवरा ओरडला, शेजारच्या गच्चीवर बायका गोळा झाल्या. मी खाली येऊन कपडे भरले. नवरा दारात येऊन म्हणाला, "कुठं जाणार हाईस? हातकणंगल्याला?" मी म्हटलं, "न्हाय. तिकडं पण न्हाय." मैत्रिणीकडे राहिले आणि दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये खोली मिळवली.

त्याचं प्लॅस्टर काढायची तारीख आली तेव्हा मी वॉर्डात होते. सुट्टी टाकता आली असती, टाकली नाही. तो बाकावर बसला होता, मित्राबरोबर. मैत्रीण म्हणाली, मी काढते. मी म्हटलं, मीच काढणार. यंत्र सुरू केलं. प्लॅस्टर कापायच्या चकतीचा आवाज मोठा असतो, पण ती कातडी कापत नाही, फक्त थरथरते. हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तो हात आखडून बसला, घाम फुटला. कापून झालं तेव्हा आतून हात निघाला तो वाळक्या शेंगेसारखा, कातडीचे पापुद्रे सुटलेले. मी कोमट पाण्यानं पुसला. पेशंट पेशंटच असतो.

"घरी चल," तो हळू म्हणाला.

"बोटं हलवून दाखव."

"मी काय म्हणतोय? रागात गेला शब्द."

"मूठ वळ. जोरात."

"आई पण आता बोलायची न्हाय काही. मी सांगितलंय तिला."

"काय सांगितलंस?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता. मी म्हटलं, "रागात नवा शब्द तयार होत न्हाय. तो आत असतो, म्हणून बाहेर येतो. माझ्याशी बोलताना इतकी वर्षं तो तिथंच होता, आणि मला वाटायचं तू वेगळा हाईस." त्याचा मित्र बाहेर निघून गेला. नवरा म्हणाला, "तुझ्या भावानं मारलं, ते मी पोलिसात दिलं न्हाय. तेवढं तरी बघ." मी म्हटलं, "देऊन बघ. काय बोललास ते पण लिहून द्यावं लागेल." मग मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तो आणखी दोनचारदा आला, मग यायचा थांबला. कोर्टातलं सगळं संपायला वर्षं गेली. मधल्या काळात कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याचं दुकान बंद पडलं आणि तो कबनूरला एका नातेवाइकाच्या यंत्रमागांवर देखरेखीला गेला. इचलकरंजीच्या स्पर्धेत उतरला की नाही, मला माहीत नाही. मूठ पूर्वीसारखी वळत नव्हती, एवढं मी बघितलं होतं. क्यूचं पुढं काय झालं, तेही मी कधी विचारलं नाही.

भावाशी माझं बोलणं बंदच होतं. मी घर सोडलं तेव्हा तो आईजवळ म्हणाला होता, "मी तोंड शिवून बसलो ते कुणासाठी? शेवटी मोडलंच तिनं." मला ते कळलं. मी निरोप पाठवला, माझं घर मोडायचं की ठेवायचं ते मला विचारायचं होतं. त्यावर त्याचा काही निरोप आला नाही. आईला दोघांकडे जाऊन दोघांच्या तक्रारी ऐकाव्या लागायच्या. ती म्हणायची, तुम्ही दोघं एकाच मुशीतले.

क्वार्टरची खोली वरच्या मजल्यावर, उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची. एका रविवारी दुपारी दार वाजलं. भाऊ उभा होता, काखेत पंख्याचं खोकं आणि हातात आईनं दिलेलं पिशवीभर ज्वारीचं पीठ. "आईनं दिलंय," म्हणाला. पंखा आईनं दिलेला नव्हता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी स्टूल दिलं. तो त्यावर चढला. मी खाली उभी राहून पाती एकेक वर देत गेले.

मग तो वरूनच म्हणाला, "दाजी परवा स्टँडवर दिसले."

"दाजी म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नको."

त्यानं मान हलवली. "स्क्रू दे," म्हणाला. मी दिला.